पाय निघत नाय

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी यात पदरचं काही घातलेलं नाही.

हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. काही त्यांनी सांगितलं, काही मामीने सांगितलं, आणि शेवटचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

एक आधीच सांगतो. यात अमावस्या नाही. मध्यरात्र नाही. जे घडलं ते भर उन्हात घडलं. नाशिकरोडला, सिन्नर फाट्याजवळ, पत्र्याच्या एका शेडमध्ये. समोरून एसट्या जात होत्या, पलीकडे एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धूर सोडत होत्या.

भर दिवसा घडलं, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

साल १९८२. वैशाख महिना.

माझे मामा सहादू पगारे मेकॅनिक होते. तरुणपणी देवळालीला लष्कराच्या वर्कशॉपात काम शिकले, मग स्वतःची शेड टाकली. डिझेलच्या गाड्या करणारे ढिगाने होते. पण पेट्रोलवरचा जुना ट्रक आला, कार्बोरेटरचं काम निघालं, की लोक म्हणायचे, पगाऱ्यांकडे न्या.

हात चांगला, पण डोकं गरम. काम अडलं की हातातला पाना फेकून द्यायचे. माझी मामी सुलाबाई शेडच्या मागच्या दोन खोल्यांत असायची. पाना पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला की ती निमूट चहाचं आधण ठेवायची.

त्या वैशाखात झुंबर देवरे नावाचा माणूस एक ट्रक घेऊन आला.

झुंबर सटाण्याकडचा. कांद्याची वाहतूक करायचा. ट्रक त्याने नुकताच लिलावात घेतला होता. एकलहऱ्याच्या कामावर कुणा ठेकेदाराने बाहेरदेशातून आणलेला, आणि काम संपल्यावर कितीतरी वर्षं तिथेच कुंपणाशी उभा असलेला. हिरवा रंग उडालेला, नाक लांब, चाकं उंच.

आणि त्याला क्लच नव्हता.

"क्लचच नाय शे भाऊ," झुंबर म्हणाला. "सटाण्याला एकबी मिस्तरी हात लावाले तयार नाय. म्हणून तुमच्याकडं आणला."

गिअर आपोआप बदलणारी गाडी. तेव्हा असला ट्रक नाशकात कुणी पाहिलेला नव्हता. मामांनी तशी एक जीप देवळालीला उघडलेली होती. ते खूश झाले. बॉनेट उघडून आत डोकं घातलं.

"काय होतंय?"

"पळत नाय. नुसती वरडती. सायकलवाला पुढं जातो."

मामांना दुखणं लगेच कळलं. पायातल्या अ‍ॅक्सिलेटरपासून एक कांडी कार्बोरेटरला जाते. कार्बोरेटरपासून दुसरी कांडी इंजिनाच्या बाजूने खाली गिअरबॉक्सला उतरते. चढावर पाय तळापर्यंत दाबला, की ही दुसरी कांडी गिअरबॉक्सला सांगते, जोर पाहिजे, खालच्या गिअरात चल. साहेब लोक तिला किकडाऊन म्हणायचे. मामा म्हणायचे, खालची कांडी.

ती कांडी हवी त्यापेक्षा तोकडी झाली होती. पाय उचललेला असला तरी गिअरबॉक्सला वाटत होतं, पाय दाबलेलाच आहे. म्हणून गाडी खालच्या गिअरातून निघतच नव्हती.

"लगेच होईल," मामा म्हणाले.

"व्हायलाच पाहिजे. पुतण्याचं लगीन शे. नवरी त्र्यंबककडची. सगळं वऱ्हाड याच्यात बसणार. बाया, पोरं, म्हाताऱ्या. घाटात ही अशी वरडत थांबली तर मी काय करू?"

काम सोपं होतं, पण जागा वाईट होती. कांडीची लांबी पक्की धरणारा चेकनट इंजिन आणि सायलेन्सरच्या नळाच्या मधे. हात घातला की मनगट भाजायचं. पाना अर्धा आटा फिरायचा आणि अडकायचा. मामांनी घाम गाळत, शिव्या देत ते काम केलं. वाकडी कांडी सरळ केली. झिजलेलं बुश बदललं. ढिली पडलेली रिटर्न स्प्रिंग काढून नवी घातली. लांबी जमवली, चेकनट आवळला.

सिन्नर रस्त्यावर चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी पळाली.

झुंबर खुशीत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. दुरूनच आवाज आला. खालच्या गिअरात ओरडत येणारा तोच ट्रक.

"सहादूभाऊ, जशी होती तशीच शे."

मामांनी बॉनेट उघडलं.

कांडी पुन्हा तोकडी झालेली होती. चेकनट मात्र घट्ट. त्यांनी स्वतः आवळला होता तितकाच घट्ट.

"कुणी हात लावला?"

"कोण लावीन? माझ्या बहिणीच्या दारात उभी व्हती, जेलरोडला."

"मग कांडी आपोआप आखडली?"

"ते तुम्ही सांगा. मिस्तरी तुम्ही शे."

मामांच्या मस्तकात तिडीक गेली. बोलाचाली झाली. शेवटी त्यांनी झुंबरला घालवून दिलं. गाडी इथेच राहू दे, म्हणाले. लग्नाच्या आधी घेऊन जा.

पुन्हा तेच काम. पुन्हा मनगट भाजलं.

या वेळी त्यांनी एक युक्ती केली. सफेद्याचा डबा आणला आणि नटावरून कांडीवर एक पांढरी रेघ ओढली. नट केसभर जरी फिरला, तरी रेघ तुटणार. मग बॉनेटला साखळी घालून कुलूप लावलं. किल्ली कमरेच्या करगोट्याला.

सकाळी कुलूप तसंच होतं.

साखळी तशीच होती.

त्यांनी बॉनेट उघडलं...

पांढरी रेघ अखंड होती. नटापासून कांडीपर्यंत सरळ. कुठे तडासुद्धा नाही.

आणि कांडी तोकडी होती.

मामांना भीती नाही वाटली. ते स्वतः सांगायचे, त्या वेळी भीती नावालाही नव्हती. राग होता. आपल्या हाताने केलेलं काम आपल्यालाच वेडावून दाखवतंय, याचा राग. शेडमध्ये दुसऱ्या दोन गाड्या खोळंबल्या होत्या. गिऱ्हाइकं येऊन तोंड वाकडं करून जात होती. आणि हा सोन्यासारखा हात असलेला माणूस एका कांडीपुढे हरत होता.

पाना पत्र्यावर गेला. मागे मामीने चहा ठेवला.

चहा पिऊन मामांनी ठरवलं. आटेच नकोत. नटच नको. कांडी बरोबर लांबीची कापली आणि वेल्डिंगने जोडून टाकली. आता लहान व्हायला आणि मोठी व्हायला जागाच नाही. एकसंध लोखंड.

"आता आखड," ते कांडीला म्हणाले.

कांडी आखडली नाही.

दुसरंच झालं.

दुपारी त्यांनी इंजिन चालू केलं. गाडी न्यूट्रलला. ते खाली उतरले, पुढे येऊन कार्बोरेटरवर वाकले, स्क्रूने स्लो, म्हणजे इंजिनाची मंद चाल, जमवायला लागले. इंजिन छान मंद चालत होतं.

मग आवाज थोडा चढला...

मामांनी स्क्रू मागे घेतला.

आवाज अजून चढला.

त्यांनी हात बाजूला केला. कार्बोरेटरचा खटका हळूहळू उघडत होता. त्यांच्या डोळ्यांसमोर. नवी स्प्रिंग ताणली जात होती. कांडी पुढे सरकत होती, जशी पाय दाबल्यावर सरकते, तशी.

खटका पूर्ण उघडला. इंजिन किंचाळायला लागलं. शेडचा पत्रा थरथरू लागला.

मामा धावत जाऊन चावी बंद करून आले.

केबिनमध्ये कोणी नव्हतं.

त्यांनी चोक पाहिला. मॅनिफोल्डमधून कुठे हवा ओढली जातेय का ते पाहिलं. कार्बोरेटर अख्खा खोलून पेट्रोलमध्ये धुतला. पेडलखाली चिंधी, दगड, काही अडकलंय का पाहिलं. काही नाही. सगळं मोकळं. हाताने दाबलं की जायचं, सोडलं की टुणकन वर यायचं.

पुन्हा चालू केलं. जरा वेळ बरं चाललं. पुन्हा तेच.

पुन्हा खोललं. पुन्हा जोडलं.

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हा भिडले. वऱ्हाड निघायला एकच दिवस राहिला होता. जेवणाची वेळ टळली तेव्हा मामीनेच ताट झाकून शेडमध्ये आणलं. मामा मागे नळावर हात धूत होते.

"अहो, त्यांनाही बोलवा की जेवायला," मामी म्हणाली.

"कोणाला?"

"ते गाडीत बसलेत ना. ड्रायव्हर."

मामांनी नळ बंद केला.

"कोण ड्रायव्हर?"

"मला काय ठाऊक. पुढच्या सीटवर आहेत. घामाघूम झालेत नुसते. मी म्हटलं, भाऊ, एवढ्या उन्हात आत का बसलात, खाली या, पाणी घ्या. तर आरशात बघत राहिले. माझ्याकडे मानसुद्धा वळवली नाही."

"काही बोलले?"

"हो."

"काय?"

मामी जरा अडखळली. तिलाही आत्ताच त्यात काहीतरी विचित्र वाटायला लागलं असावं.

"म्हणाले... पाय निघत नाय, बाई."

मामा शेडमध्ये गेले. केबिनचं दार उघडलं.

सीट रिकामी होती. मामीने ठेवलेला पाण्याचा तांब्या बॉनेटच्या कडेला तसाच होता. भरलेला.

पण सीटचं रेक्झिन दबलेलं होतं. माणूस उठून गेल्यावर जसं हळूहळू वर येतं, तसं ते वर येत नव्हतं.

दबलेलंच राहिलं.

मामी घरात गेली, ती पुन्हा त्या दिवशी शेडमध्ये आली नाही. मामांनी ताटाला हात लावला नाही. सायकल काढली आणि तसेच उन्हात एकलहऱ्याला निघाले.

ट्रक कोणत्या ठेकेदाराचा होता, हे तिथल्या चहावाल्यालाही माहीत होतं. त्या कामावरचा जुना मुकादम गावातच राहायचा. रंगनाथ त्याचं नाव. म्हातारा लिंबाखाली बाज विणत बसला होता.

"तो बिनक्लचचा?" रंगनाथने सुतळी थांबवली. "घेतला का कुणी?"

"सटाण्याच्या माणसानं. बाबा, त्याच्यावर ड्रायव्हर कोण होता?"

"धोंडीराम. हरसूलकडचा. लय सरळ माणूस." तो पुन्हा विणायला लागला. "का? काय झालं?"

"गाडी दुरुस्त होत नाही."

रंगनाथने मामांकडे पाहिलं. मग स्वतःच बोलायला लागला.

"बांध घालायचं काम चाललं व्हतं. वर चढाया कच्चा रस्ता, खडा चढ. हौद्यात गडी, बाया, पाट्या, फावडी. बाया पोरं घेऊनच यायच्या कामाला. अर्ध्या चढावर ब्रेक गेला. गाडी मागं सरकाया लागली. मागं नुसती दरड."

"मग?"

"दुसरा असता तर उडी टाकून मोकळा झाला असता. धोंडीरामनं पाय दाबला तो तळापत्तर. गाडी खालच्या गिअरात गेली आन जागच्या जागी थांबली. ना पुढं, ना मागं. इंजिन वरडतंय, जळका वास सुटलाय, आन ह्यो पाय दाबून बसलाय. खिडकीतून म्हणला, उतरा सगळे. माझा पाय निघला की संपलं."

असं होऊ शकतं, हे मामांना मेकॅनिक म्हणून कळत होतं. बिनक्लचची गाडी अशी धरून ठेवता येते. नुसत्या पायावर. पण किती वेळ?

"लोकं उतरली. आम्ही चाकांमागं धोंडे लावले. मी जाऊन दार उघडलं, म्हणलं, धोंडीराम, झालं आता, सोड..."

रंगनाथची बोटं सुतळीवर थांबली.

"तो गेला व्हता. डोळे उघडे. आरशात मागं बघत व्हता. छाती बंद पडली, डाक्टर म्हणले. पाय तसाच दाबलेला. इंजिन चालूच. आम्हाला तो पाय वढून काढावा लागला."

"त्याला कुणी सांगितलं का?" मामांनी विचारलं.

"काय?"

"सगळे उतरले म्हणून."

म्हाताऱ्याने सुतळी खाली ठेवली.

"मेलेल्याला काय सांगायचं, बाबा?"

मामा परत आले तेव्हा उन्हं अजून कलली नव्हती. रस्त्यात त्यांचा राग कुठेतरी गळून गेला होता. तीन-चार दिवस ते ज्याच्याशी भांडत होते, तो त्यांच्या कामात खोड काढत नव्हता. तो स्वतःचं काम करत होता. गाडी खालच्या गिअरात धरून ठेवायची. पाय सोडायचा नाही.

काम झालंय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मामांनी इंजिन चालू केलं. खाली उतरून केबिनच्या उघड्या दारापाशी उभे राहिले. या वेळी पुढे कार्बोरेटरकडे गेले नाहीत. पेडलकडे बघत राहिले.

पेडल खाली जायला लागलं...

हळू. पूर्ण तळापर्यंत. इंजिन किंचाळू लागलं.

मामा सांगायचे, आपण बोलणार आहोत याची त्यांना लाज वाटत होती. समोरून माणसं जात होती. पानटपरीवर रेडिओ चालू होता. आणि आपण रिकाम्या गाडीशी बोलायचं.

"धोंडीरामभाऊ," ते म्हणाले. "सगळे उतरले. चाकांना धोंडे लावलेत. आता पाय काढा."

पेडल थरथरलं.

बोटभर वर आलं. आवाज उतरला.

मामांना वाटलं, सुटला.

आणि पेडल पुन्हा खाली गेलं.

मग आवाज आला. घोगरा नाही, भयंकर नाही. साधा, थकलेला आवाज. शेजारी बसलेल्या माणसाने बोलावं तसा.

"एक राहिलंय."

मामांच्या अंगावर सर्रकन काटा आला. या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा.

"कोण राहिलंय?"

पुढच्या काचेवरचा लहान आरसा हलला. मागे हौद्याकडे वळला आणि थांबला.

मामा ट्रकच्या मागे गेले. फाळक्याच्या साखळ्या सोडल्या. फाळका खाली पाडला.

हौदा रिकामा होता.

कांद्याची थोडी सालं वाऱ्याने इकडेतिकडे होत होती. एका कोपऱ्यात जुनं पोतं. त्याखाली काही नाही. मामांनी चढून पाहिलं. लोखंडी पत्र्यावर पाय आपटून पाहिला. खाली उतरले.

इंजिन तसंच ओरडत होतं. रेडिएटरच्या तोंडातून वाफ यायला लागली होती. अजून थोडा वेळ असंच चाललं असतं, तर इंजिन तापून जाम झालं असतं. चावी बंद करायला ते पुढे निघालेही. मग थांबले. बंद करून काय होणार होतं? उद्या वऱ्हाड बसणार होतं. घाटात पुन्हा हेच.

मामा वैतागून ओरडले, "अरे कुठंय? मला तर काही दिसत नाही!"

आरसा तसाच हौद्याकडे वळलेला होता.

मग त्यांनी असं का केलं, ते त्यांनाही कधी सांगता आलं नाही. ते फाळक्याशी उभे राहिले. दोन्ही हात पुढे केले. गाडीतून उतरताना बाई वरून पोर देते आणि खालचा माणूस झेलतो, तसे.

आणि थांबले.

काही नाही...

काही नाही...

मग त्यांच्या हातात वजन आलं.

हलकं. कोमट. झोपलेल्या पोराचं असतं तसं सैल, कलंडणारं वजन. डाव्या दंडावर डोकं टेकल्यासारखं.

दिसत काही नव्हतं. हात रिकामे होते. आणि भरलेले होते.

पुढे इंजिनाचा आवाज उतरला. एकदम नाही. दमलेल्या माणसाने हळूहळू पाय उचलावा, तसा. उतरत उतरत अगदी मंद झाला. आणि तसाच मंद चालत राहिला.

केबिनचं दार आपोआप लोटलं गेलं.

मामा हात पुढे धरून तसेच उभे होते, तेव्हा झुंबर आला. ट्रकचा शांत आवाज ऐकून तो खूश झालेला. हसत मागे आला आणि मामांना पाहून थबकला.

"सहादूभाऊ, हातमा काय शे?"

मामांनी हात खाली केले नाहीत.

"भाऊ?"

"गाडी झाली," मामा म्हणाले. "घेऊन जा."

"अहो पण..."

"चावी आत आहे. जा."

झुंबर मागे बघत बघत केबिनमध्ये चढला. ट्रक वळवला. वरच्या गिअरात टाकल्यासारखा सहज, गुळगुळीत निघून गेला. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड त्र्यंबकला गेलं. घाट चढलं, उतरलं. म्हाताऱ्या बायकांनी सांगितलं, अशी गाडी बघितली नाही. नंतर कितीतरी वर्षं तो ट्रक सटाण्याहून कांदे वाहत होता. कांडीला पुन्हा कुणी पाना लावला नाही.

पण आमच्या घरातली गोष्ट तिथे संपली नाही.

काही दिवसांनी मामा पुन्हा रंगनाथकडे गेले होते. त्या दिवशी कुणाचं पोर राहिलं होतं का, विचारायला. रंगनाथ शपथेवर म्हणाला, नाय. मी स्वतः हौद्यात पाहिलं. एकबी बाई रडत आली नाय, एकबी पोर कमी झालं नाय. आन आता तू हे विचाराया येऊ नको.

म्हणजे ते कुणाचं होतं, हे कुणालाच ठाऊक नाही.

ते होतं तरी काय, हेही नाही.

मामा त्यानंतर शांत झाले. पाना फेकायचे बंद झाले. मोठ्याने बोलायचे बंद झाले. आम्ही भाचरं सुट्टीत गेलो आणि आरडाओरडा केला, की बोट ओठावर ठेवायचे. धाकट्या बहिणीला मी त्यांच्या मांडीवर बसवायला गेलो, तर घाईने म्हणाले, इथे नको, इथे नको. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. आम्हाला वाटायचं, म्हणून असं करत असतील.

मागच्या खोलीत, कोपऱ्यात, मामीने एक दुपटं अंथरलेलं असायचं. तान्ह्या बाळाचं असतं तेवढं. त्यावर कुणी पाय द्यायचा नाही. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. लहानपणी घरातल्या असल्या गोष्टी आपण तशाच धरून चालतो.

थोडा मोठा झाल्यावर मी मामांना विचारलं होतं.

"मामा, ते हातात आलं होतं, ते तुम्ही ठेवलं कुठे?"

ते उठून शेडमध्ये गेले.

१९८९ साली मी कॉलेजच्या परीक्षेसाठी नाशिकला गेलो. मुक्काम मामांकडेच. दुपारी पोचलो. मामा शेडमध्ये कामात होते. मी पिशवी ठेवायला मागच्या खोलीत गेलो.

कोपऱ्यात दुपटं नव्हतं.

तिथे गोधडी अंथरलेली होती. सहा-सात वर्षांच्या पोराला पुरेल एवढी. नवी शिवलेली. टाके अजून स्वच्छ होते. मधे थोडा खळगा पडलेला होता.

मामी दारात येऊन उभी राहिली.

"मामी, इथलं ते दुपटं कुठे गेलं?"

तिने पदराला हात पुसले. कोपऱ्याकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाली,

"आता पुरत नाही."

मी पिशवी उचलली. परीक्षा संपेपर्यंत मित्राच्या खोलीवर राहिलो. त्यानंतर त्या घरी मी कधी मुक्कामाला गेलो नाही.